पाणी लवकर उकळते आहे

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या ‘अरुंधती’ तळावर सतरा माणसे राहत होती, आणि त्यांतल्या सोळा जणांच्या पोटाची काळजी सतराव्या माणसाकडे होती. शर्वरी काळसेकर त्यांचे नाव. वय अठ्ठावन्न, गाव मालवणजवळचे. तळावर सगळे त्यांना काकू म्हणत.

चंद्रावर स्वयंपाकीण पाठवायची की पाकिटे तापवणारे यंत्र, यावर पृथ्वीवर दोन वर्षे वाद चालला होता. शेवटी काकू आल्या, पण एका अटीवर. दर तीन महिन्यांनी तळावरची मंडळी जेवणाला गुण देणार, आणि दोनदा गुण घसरले की काकू परत आणि त्यांच्या जागी यंत्र. पहिली घसरण होऊन गेली होती. नव्या जागी, सहा पटींनी हलक्या झालेल्या पिठाशी आणि आळसावल्यासारखे वर येणाऱ्या बुडबुड्यांशी जुळवून घेताना पहिले तीन महिने तसेच गेले. त्यानंतर मात्र काकूंचा हात बसला. पुढची गुणपत्रिका तीन आठवड्यांवर होती.

आणि त्या शुक्रवारी, सकाळी अकराच्या सुमारास, शेगडीच्या नियंत्रणफलकावर लाल अक्षरे उमटली : दोषांक ३४.

ही चुंबकी शेगडी. ज्वाला नाही, निखारा नाही. काचेच्या पाटाखालची तारेची वेटोळी थेट भांड्याचे बूड तापवतात. फलकाला दोन इंद्रिये होती. भांड्यात सोडायची एक ताप-सळई पाण्याचे तापमान सांगे, आणि पाटाखालचा ध्वनिसंवेदक उकळीचा आवाज ऐके. दोन्हींचा मेळ बसला नाही की फलक दोषांक दाखवून शेगडी बंद करी.

काकूंनी पुस्तिका काढली. ‘३४ : पाणी अपेक्षित तापमानाच्या आधी उकळत आहे. अर्थ : ताप-सळई सदोष. उपाय : सळई बदलावी.’

“इरफान!” काकूंनी भिंतीवरच्या संपर्कयंत्राच्या जाळीत तोंड घालून हाक मारली. “अरे ये रे इकडे. हिनं मान टाकली.”

इरफान मुजावर तळाचा यंत्रदुरुस्ती अभियंता. मिरजेचा, पस्तिशीतला, हातात पाना असला की खुशीत असणारा. तो आला, त्याने फलक वाचला, कोठारातून नवी सळई आणली आणि दहा मिनिटांत बसवली.

“झालं काकू. चहा टाका.”

चहाचे आधण उकळायला लागले आणि फलक पुन्हा लाल झाला. दोषांक ३४.

इरफानने दुसरी सळई लावली. तेच. मग त्याने हाताने दोषांक पुसून शेगडी चालू ठेवली, म्हणजे निदान जेवण तरी होईल. जेवण झाले, पण तुरीची डाळ दाणा दाणा वेगळी राहिली. काकूंनी रवी मोडेपर्यंत घुसळली, तरी वरणाला मिळून येणे माहीतच नसल्यासारखे पाणी एकीकडे आणि डाळ एकीकडे. कुकर तळावर नव्हता. दाबाखाली चालणाऱ्या प्रत्येक भांड्याला सुरक्षा-समितीचा दाखला लागे, आणि शिट्टी मारणाऱ्या भांड्याला दाखला द्यायला समितीतले कुणी धजावले नव्हते.

मंडळी मुकाट्याने जेवली. कुणीतरी “छान झालंय” असेही म्हणाले, आणि तेच काकूंना जास्त लागले. खरे तर गेले तीन आठवडे डाळ हट्टी झाली होती. भात आतून टणक राहायचा. काकूंनी आधी डाळीला दोष दिला, मग पाण्याला आणि शेवटी, कुणाला न सांगता, स्वतःला. वय झाले. हात गेला.

संध्याकाळी त्यांनी शेगडी बनवणाऱ्या कंपनीच्या सेवाकक्षाला कळवले. शेगडी रोजच्या प्रत्येक उकळीची नोंद आपणहून थेट त्या सेवाकक्षाला पाठवत असे, त्यामुळे फार काही लिहावे लागले नाही. तासाभरात उत्तर आले.

‘आदरणीय ग्राहक, कृपया सळई बदलून पाहावी. — ढमढेरे, सेवाकक्ष.’

“बदलली की रे बाबा दोनदा,” काकू पडद्याला म्हणाल्या, आणि तसेच लिहिले.

दुसऱ्या दिवशीचे उत्तर लांबलचक होते. ‘शेगडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करावी. काचेचा पाट ओल्या फडक्याने पुसावा. भांड्याचे बूड सपाट असल्याची खात्री करावी. चाचणी पूर्ण होईपर्यंत शेगडीवर तळण अजिबात करू नये. तसेच पुढील प्रश्नांची उत्तरे द्यावीत : जेवणारे सर्वजण ठणठणीत आहेत का? कुणाचे डोके दुखते का? जिना चढताना कुणाला दम लागतो का? कुणाची नखे निळसर दिसतात का?’

“ह्याला शेगडीचं विचारलं तर हा नखांचं विचारतोय,” इरफान हसत सुटला. “काकू, हे माणूस नसणार. जुनं उत्तरयंत्र असणार, दवाखान्याचं आणि शेगडीचं एकात एक मिसळलेलं.”

काकूंनी मात्र इमानाने उत्तर लिहिले. सगळे ठणठणीत आहेत. कुणाला दम लागत नाही. नखे गुलाबी आहेत. बिघाड फक्त माझ्या डाळीत आहे.

त्यांनी तळणही बंद केले. वडे नाहीत, पुऱ्या नाहीत. मंडळींची तोंडे आणखी उतरली.

पुढचे पंधरा दिवस असेच गेले. ढमढेरे रोज एक नवा उपाय सुचवी. भांडे अर्धेच भरा. भांडे बदला. सळई डावीकडून घाला. काकू करत, आणि उकळी आली की फलक लाल होई. तिसरी सळई बदलली तेव्हा इरफानचा धीर सुटला. त्याने मृदाप्रयोगशाळेतून काचेचा साधा तापमापक आणला, लाल द्रवाचा, ज्यात ना तार ना फलक.

“आता बघू कोण खोटं बोलतं ते.”

दोघे भांड्यावर वाकले. पाणी खदखदायला लागले. लाल रेघ शहाऐंशीपाशी थांबली. इरफानने सळईचा आकडा पाहिला. शहाऐंशी.

“म्हणजे सळई बरोबर आहे,” तो सावकाश म्हणाला. “पहिलीही बरोबर होती. इथं पाणी नव्वदला उकळतं, आपण आलो तेव्हापासून. मग आज शहाऐंशीला कसं?”

काकू तापमापकाकडे टक लावून पाहत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला.

“इरफान, मी इथं यायच्या आधी लडाखातल्या वेधशाळेत सहा वर्षं रांधलं. पहिल्या आठवड्यात असंच झालं होतं. डाळ शिजेना. तिथल्या बाईनं मला सांगितलं, वर गेलं की हवा विरळ, आणि हवा विरळ झाली की पाण्याला उकळायची घाई होते. पाणी उकळतं, पण तापत नाही. मग डाळ शिजणार कशी?” त्यांनी त्याच्या दंडाला धरले. “अरे, आपण वर चढलोय.”

“काकू, आपण चंद्रावर आहोत. चढणार कुठं?”

“तू नाही चढलास. तुझ्याभोवतीची हवा उतरली.”

इरफानने भिंतीवरच्या वायुदाबमापकाकडे पाहिले. हिरवे आकडे नेहमीसारखेच होते : सत्तर किलोपास्कल. पृथ्वीच्या दाबाच्या सात दशांश, तळासाठी ठरवलेला. पण पाणी जर शहाऐंशीला उकळत असेल, तर दाब सत्तर नव्हता. त्याने मनातल्या मनात कोष्टक आठवले. साठ.

“मापक खोटं बोलतंय,” तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडचे पाणी पळाले. “आणि ते आपोआप खोटं बोलणार नाही. तळावर अशी बारा मापकं आहेत. बाराही एकदम बिघडत नसतात.”

वायुयंत्रणेची किल्ली एकाच माणसाकडे होती. तळप्रमुख डॉ. निहारिका खोब्रागडे.

डॉ. खोब्रागडे आपल्या खोलीत नकाशे पाहत होत्या. मूळच्या भंडाऱ्याच्या, पन्नाशीच्या, बोलायला मवाळ आणि निर्णयाला कठीण. काकूंना आत घेऊन इरफानने दार लावले आणि सगळे एका दमात सांगितले. त्यांनी मध्ये अडवले नाही. ऐकून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“शेगडी,” त्या म्हणाल्या. “सगळ्या यंत्रणा तपासल्या मी. शेगडीचा विचारच नाही आला न.”

“म्हणजे तुम्हीच…?” इरफान म्हणाला.

“बसा ताई. तूही बस.” त्यांनी नकाशावर बोट ठेवले. “डोंगराच्या पलीकडं खाणतळ आहे, चाळीस किलोमीटरवर. नऊ माणसं. सात आठवड्यांपूर्वी त्यांच्या नत्रवायूच्या टाकीचा सांधा फुटला. टाकी रिकामी झाली.”

“प्राणवायू आहे ना त्यांच्याकडं?” काकूंनी विचारले.

“भरपूर. प्राणवायू इथल्या मातीतून निघतो, आपण सगळेच काढतो. पण नत्रवायू चंद्रावर नाही. तो पृथ्वीवरून आणावा लागतो. आणि नुसत्या प्राणवायूत राहणं म्हणजे काडेपेटीत राहणं. एक ठिणगी उडाली की संपलं. त्यांच्या कंपनीनं सांगितलं, पुढचं यान अडीच महिन्यांनी. तोवर तुमचं तुम्ही बघा. मी आपल्या वरिष्ठांना विचारलं, आपण थोडा देऊ का. उत्तर आलं, तळाची हवा ही तळाची मालमत्ता आहे, परवानगी नाही.”

“आणि तुम्ही दिली,” काकू म्हणाल्या.

“दर गुरुवारी भूकंपमापकं बघायला मी चांद्रगाडी घेऊन जाते न, तेव्हा दोन नळकांडी घेऊन जाते. दर खेपेला आपला दाब दोन किलोपास्कलनं उतरतो. प्राणवायू तेवढाच ठेवलाय, म्हणून कुणाला दम लागत नाही, काही कळत नाही. अठ्ठावन्नच्या खाली मी जाणार नव्हते.” त्यांनी काकूंकडे पाहिले. “कुणाला सांगितलं नाही, कारण ज्याला कळेल तो गुन्ह्यात भागीदार. सतरा जणांपेक्षा एक बरा.”

इरफान पुढे झुकला. “मॅडम, पण हवेत प्राणवायूचं प्रमाण वाढलं ना? आग लवकर लागेल. स्वयंपाकघरात कढई तापते!”

“तेच मला खात होतं. कार्यशाळेतलं धातूला डाग देण्याचं काम मी काहीतरी निमित्त काढून बंद केलं. तळण कसं थांबवायचं, सुचत नव्हतं. तेवढ्यात ताईंनी आपणहून बंद केलं. त्या दिवशी मी हात जोडले.”

“मी कुठलं बंद करते? तो सेवाकक्षातला ढमढेरे म्हणाला,” काकू म्हणाल्या. आणि एकाएकी त्यांनी कपाळाला हात लावला. “अगो बाई! इरफान, त्या नोंदी!”

खरेच होते. गेले महिनाभर शेगडी प्रत्येक उकळीचे तापमान पृथ्वीवर पाठवत होती. उकळीचे तापमान म्हणजेच हवेचा दाब. कुणी नुसते कोष्टकाशी ताडून पाहिले असते तरी डॉ. खोब्रागडेंचे गुपित उघडे पडले असते. नियमही तसाच होता : लागोपाठ पाच दिवस बिघाड सुटला नाही तर तक्रार सेवाकक्षाकडून वरच्या तांत्रिक समितीकडे जाते. इरफानने घाईघाईने तक्रारीची स्थिती उघडली. तक्रार वर गेलेली नव्हती. रोज संध्याकाळी ढमढेरेंनी जुनी तक्रार ‘नवा उपाय सुचवला’ म्हणून मिटवली होती आणि नव्या उपायासाठी नवी उघडली होती. त्यामुळे तिला कधी एक दिवसापेक्षा जास्त वय झालेच नव्हते.

“असले बावळट लोक जगात असतात म्हणून आपण तरतो,” इरफान सुस्कारा टाकून म्हणाला.

“बावळट म्हणू नको रे. बिचारा रोज उत्तर देतो.” काकू उठल्या. “मॅडम, यान कधी येतंय त्यांचं?”

“अजून चोवीस दिवस.”

“म्हणजे चोवीस दिवस डाळ कच्ची. चालेल.”

“ताई, पुढच्या आठवड्यात गुण आहेत. तुमची दुसरी वेळ. मी काही सांगू शकणार नाही कुणाला, आणि तुम्हीही नाही.”

“माहीत आहे मला,” काकू म्हणाल्या. “डाळ कच्ची राहिली तर माणसं नाक मुरडतात. मरत नाहीत.”

त्या दिवसापासून काकू पहाटे उठून डाळ दुप्पट वेळ भिजवू लागल्या. तांदूळ भाजून घेऊ लागल्या. मूग, पोहे, रवा, जे जे कमी तापात निभेल त्याच्यावर भर देऊ लागल्या. तरी सोळा माणसांची भूक पोह्यांवर किती दिवस काढणार? गुण घसरले. फार नाही, पण घसरले. चौथ्या दिवशी पत्र आले : सेवेबद्दल आभार, पुढच्या यानाने परतावे, स्वयंपाकयंत्र रवाना होत आहे. काकूंनी पत्र दोनदा वाचले, घडी घालावी तसा पडदा मिटला आणि भाजी चिरायला घेतली. इरफान दारात उभा होता. त्याने दुसरी सुरी घेतली आणि त्यांच्या शेजारी बसून दुधी सोलायला लागला.

चोविसाव्या दिवशी खाणतळाचे यान उतरले. नऊच्या नऊ माणसे धडधाकट होती. त्यांनी पहिल्याच फेरीत नळकांडी भरून परत पाठवली, आणि सोबत एक कागद, त्यावर नऊ सह्या. ‘अरुंधती’चा दाब दोन दिवसांत सत्तरवर आला. काकूंनी पाणी ठेवले. ते नव्वदला उकळले आणि फलक हिरवा राहिला. त्या दुपारचे वरण असे मिळून आले की भूगर्भवाल्या दोघांनी ताटे पुसून खाल्ली.

त्याच संध्याकाळी डॉ. खोब्रागडेंनी स्वतःविरुद्ध अहवाल लिहून पाठवला. त्यात दुसरे वाक्य काकूंबद्दल होते. चौकशी झाली. डॉक्टरांचे प्रमुखपद गेले, पण त्यांना परत बोलावणे कुणाला जमले नाही, कारण तोवर खाणतळावरच्या नऊ जणांच्या घरच्यांनी पृथ्वीवर बोलायला सुरुवात केली होती. काकूंचे परतीचे पत्र रद्द झाले.

एक गोष्ट मात्र काकूंच्या मनाला लागून राहिली होती. एका परक्या माणसाला आपण पाच-सहा आठवडे उगाच राबवले. त्यांनी सेवाकक्षाला लिहिले : ‘ढमढेरेसाहेब, शेगडीत बिघाड नव्हता. हवेचा दाब कमी होता. मला ते मधेच कळले होते, पण तुम्हाला सांगता आले नाही. तुम्हाला त्रास दिला, माफ करा.’

उत्तर यायला दोन दिवस लागले, आणि ते सेवाकक्षाच्या पत्त्यावरून नव्हते.

‘शर्वरीताई, नमस्कार. माफी नको. पहिल्या दिवशी मी सळई बदला म्हटले ते खरोखरच. दुसऱ्या दिवशी तुमच्या शेगडीच्या महिनाभराच्या नोंदींचा आलेख काढला. बिघडलेली सळई कधी वर, कधी खाली उड्या मारते. गळती असेल तर रेषा रोज घसरत जाते. तुमची रेषा यांतली नव्हती. ती आठवडाभर सपाट राही आणि दर गुरुवारी एक पायरी उतरे. अशी पायरी फक्त माणसाचा हात पाडतो. आणि इथे दर शुक्रवारी बातमी येत होती की खाणतळावरची माणसे आश्चर्यकारकरीत्या तग धरून आहेत.

मला फक्त एकच भीती होती, की देणारा आपल्या माणसांचा श्वास तोडून देतोय की काय. म्हणून नखांचे विचारले. तुमचे उत्तर वाचले तेव्हा कळले, प्राणवायू पुरेसा आहे, म्हणजे त्याचे हवेतले प्रमाण वाढलेले असणार. म्हणून तळण बंद करायला सांगितले. बाकीचे उपाय अगदीच निरर्थक होते. रोज नवीन सुचवताना माझी दमछाक झाली. तक्रार वर जाऊ द्यायची नव्हती.

चौकशीत हे निघालेच. कंपनीने मला सक्तीने निवृत्त केले. वाईट वाटून घेऊ नका, दोनच वर्षे उरली होती. आता घरी असतो. आमची ही म्हणाली, घरात आहात तर निदान वरणभात तरी लावा. गेले तीन दिवस लावतोय. खाली लागते आणि वर कच्चे राहते. काय चुकते, कळत नाही. — प्रद्योत ढमढेरे, सासवड.’

काकूंनी इरफानला हाक मारून पत्र दाखवले. तो वाचत गेला आणि वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

“लाव रे त्यांना,” काकू म्हणाल्या. “आवाजावर लाव.”

घंटा वाजली. अडीच सेकंदांनी पलीकडून एक घोगरा, संकोचलेला आवाज आला. “हॅलो? ढमढेरे बोलतोय.”

काकूंनी स्टूल ओढले, ऐसपैस बसल्या आणि डोळे पुसून म्हणाल्या, “हां, मी चंद्रावरची काळसेकर. आता मला सगळं पहिल्यापासून सांगा. डाळ भिजत कधी घातली होतीत?”